पुरण घरचे, पोळी बाजारची

संक्रांतीच्या आदल्या दिवशी महाराष्ट्रात भोगी असते आणि तमिळ देशातही भोगीच असते. नाव एक, दिवस एक. पानावरचा पदार्थ मात्र निराळा. देशावर त्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा, आणि वांगी, गाजर, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे अशी त्या ऋतूत मिळेल ती सारी भाजी एकत्र शिजवलेली. कावेरीच्या काठी, तंजावूर, कुंभकोणम्, मायावरम् या पट्ट्यातल्या बहुतेक ब्राह्मण घरांत त्या दिवशी वडे आणि पोळी असते. पोळी म्हणजे आपली साधी घडीची पोळी नव्हे. हरभऱ्याची डाळ व गूळ यांचे पुरण भरलेली, तुपात भाजलेली, आकाराने तळहाताहून थोडी मोठी अशी पुरणाची पोळी. तिला तमिळ माणूस ‘पोळी’ असेच म्हणतो, आणि बोलताना कित्येकदा ‘बोळी’.

ही पोळी आता भोगीची वाट पाहत नाही. तमिळनाडूतल्या कोणत्याही मध्यम गावात संध्याकाळी मिठाईच्या दुकानापुढे सपाट तवा मांडून बसलेला कारागीर ती भाजताना दिसतो. डाळीची पोळी, खोबऱ्याची पोळी, असे तिचे दोन मुख्य प्रकार. गिऱ्हाईक उभ्या उभ्या एक खाते आणि चार केळीच्या पानात बांधून नेते. महाराष्ट्रातून बदली होऊन आलेल्या मराठी अधिकाऱ्याच्या घरी हे दृश्य पहिल्यांदा वर्णन केले जाते तेव्हा थोडा आनंद होतो आणि थोडा संकोचही. आनंद अशासाठी, की परमुलखात आपले पक्वान्न भेटले. संकोच अशासाठी, की ते रस्त्यावर भेटले.

होळी, पाडवा वा दिवाळी जवळ आली, की परप्रांतातल्या प्रत्येक मराठी मंडळात आणि प्रत्येक सरकारी वसाहतीत एक वाद निघतोच: पक्वान्न घरी करावयाचे की विकत आणावयाचे? वाद बहुधा आळस विरुद्ध हौस अशा थाटात मांडला जातो आणि त्यात बोलणारे पुरुष व थकणाऱ्या स्त्रिया अशी विभागणी असते. तो वाद निकालात काढण्याचा अधिकार इतिहासाला नाही. परंतु ‘घरचे’ आणि ‘विकतचे’ या दोन शब्दांमागे काय काय साठलेले आहे, हे पाहावयाचे असेल तर तंजावरसारखे दुसरे ठिकाण सापडणार नाही. मराठी माणसे मोठ्या संख्येने, सत्तेच्या आणि नोकरीच्या निमित्ताने, घरापासून इतक्या दूर जाऊन इतकी वर्षे राहिली, असे हे आपल्या इतिहासातले सर्वांत जुने मोठे उदाहरण होय.

राजकीय कथा आपणांस ठाऊक आहे. ती येथे दोन ओळींत पुरे. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले. बखरींतले ‘चंदावर’ ते हेच. पुढे शहाजी, पहिले सरफोजी, तुकोजी, प्रतापसिंह, तुळजाजी असे राजे झाले. १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजींनी राज्यकारभार कंपनीच्या हाती दिला. आणि १८५५ साली शिवाजीराजे पुत्राविना वारले तेव्हा उरलेली गादीही खालसा झाली. एकशे ऐंशी वर्षे. या काळात राजवाड्याबरोबर कारकून, फडनीस, पुराणिक, कीर्तनकार, शिलेदार आणि अर्थातच आचारी गेले, स्थायिक झाले, आणि त्यांच्या वंशजांची मराठी हळूहळू तमिळच्या वळणाने बोलली जाऊ लागली.

स्वयंपाकघराचा विचार या दरबारात किती गंभीरपणे होत असे, याला एक ग्रंथ साक्ष आहे. रघुनाथ गणेश नवहस्त या पंडिताने सतराव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात ‘भोजनकुतूहल’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. पु. कृ. गोडे यांनी या रघुनाथाचा काळ आणि त्याचे आश्रयस्थान शोधून काढले; समर्थ रामदासांशी त्याचा स्नेह होता आणि व्यंकोजींची राणी दीपाबाई ही त्याची आश्रयदाती होती, असे त्यांनी दाखविले. ही दीपाबाई म्हणजे जिला शिवाजीमहाराजांनी बंगळूरचा मुलूख चोळीबांगडीसाठी म्हणून तोडून दिला, तीच. भोजनकुतूहलात धान्यांचे, भाज्यांचे, दुधातुपाचे गुणदोष आहेत, पदार्थांच्या कृती आहेत. जिलबीची कृतीदेखील आहे. म्हणजे बाजारातल्या हलवायाचे म्हणून जे पक्वान्न आपण मानतो, ते तीनशे वर्षांपूर्वी एक शास्त्री घरी करावयाचे म्हणून संस्कृतात लिहून ठेवीत होता! दुसऱ्या सरफोजींच्या काळातले मोडी लिपीतले ‘सरभेंद्र पाकशास्त्र’ हे त्याच परंपरेतले पुढचे पाऊल. त्यात राजवाड्यातले देशी पदार्थ आहेत, तसे इंग्रजी पदार्थही आहेत. कारण सरफोजींच्या घरी इंग्रज पाहुण्यांचा राबता होता. १८२६ च्या ईस्टरला कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरास होते आणि सरफोजींना भेटले. लाव्हाझिए व लिनियस यांची नावे सहज घेणारा हा राजा पाहून ते चकित झाले. हे पाकशास्त्र पुढे सरस्वती महाल ग्रंथालयाने छापून प्रसिद्ध केले.

आता प्रश्न असा, की तमिळांना पोळी दिली ती मराठ्यांनीच काय? आपल्या मंडळींना असे म्हणणे फार आवडते. सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडले ही कथाही अशीच हौसेने सांगितली जाते. ती कथा म्हणून गोड आहे, तिला इतिहास म्हणण्यास मात्र मी धजणार नाही. पोळीच्या बाबतीतही थोडे सावध राहिलेले बरे. पुरण भरलेली गोड पोळी कर्नाटकात ‘होळिगे’ वा ‘ओब्बट्टु’ आहे, आंध्रात ‘बोब्बट्टु’ आहे. जुन्या कन्नडातला ‘प’ पुढे ‘ह’ झाला हे भाषाशास्त्राचे प्रसिद्ध सूत्र लावले, तर होळिगेचे मूळ रूप ‘पोळिगे’ असे निघते आणि आपली पोळी त्याच कुळातली ठरते. तेव्हा पोळी ही साऱ्या दख्खनची सामाईक मिळकत आहे. तंजावरच्या मराठ्यांनी तिचा कावेरीकाठचा मान वाढविला असेल, तिची मालकी त्यांच्याकडे नाही. याउलट काही पदार्थांवर मराठी शिक्का स्पष्ट दिसतो. तमिळ घरांतले ‘पिट्लै’ हे आपले पिठले; आता त्यात पीठ नाही, डाळ, चिंच आणि कारले वा वांगे आहे, परंतु नाव पुसले गेलेले नाही. ‘रसवांगी’तले वांगे तर तमिळ नव्हेच, तमिळमध्ये वांग्याला ‘कत्तरिक्काय’ म्हणतात. ‘कोसुमल्ली’ ही कोशिंबीर. आणि ‘डांगर पच्चडी’ म्हणजे उडदाचे भाजलेले पीठ ताकात वा दह्यात कालवून वर फोडणी दिलेले आपले डांगर. या डांगराकडे मला शेवटी परत यावयाचे आहे.

‘घरचे’ या शब्दाचा अर्थ जुन्या काळी काय होता, हे समजून घेण्यास तंजावरची छत्रे फार उपयोगी पडतात. रामेश्वराच्या वाटेवर मराठे राजांनी ठिकठिकाणी छत्रे म्हणजे अन्नछत्रे बांधली. तंजावरच्या दक्षिणेस ओरत्तनाड येथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सरफोजींनी मुक्तांबेच्या नावे उभारलेले छत्र त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. राज्यकारभार गेल्यावर छत्रेही जातील की काय अशी धास्ती राजाला वाटू लागली, आणि १८०१ साली त्याने रेसिडेंट टोरिन यांस एक लांब पत्र लिहून ती आपल्याच हाती राहू द्यावीत अशी विनवणी केली. या पत्रात छत्रांची रीत तपशीलाने दिलेली आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, कोणीही वाटसरू आला तरी त्याला शिजलेला भात मिळे. ज्याला तेथे शिजलेले चालत नसे, त्याला तांदूळ, मीठमसाला असा कोरडा शिधा मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून, अजून कोणी उपाशी असेल तर त्याने यावे, अशी हाळी दिली जाई. आजारी प्रवाशाला औषध आणि बाळंतिणीची व्यवस्था हीही त्यात होती. राज्य गमावलेल्या राजाने राज्याविषयी न लिहिता भाताविषयी असे लिहावे, आणि कंपनीने तेवढे तरी मान्य करावे, ही तंजावरच्या इतिहासातली मला सर्वांत हृद्य वाटणारी गोष्ट आहे.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या पत्रातला महत्त्वाचा शब्द कोरडा शिधा हा होय. त्या काळी प्रश्न घरचे की विकतचे असा नव्हताच; तो शिजलेले की कोरडे असा होता. धान्य, गूळ, तूप कोणाकडूनही घ्यावे. अग्नीवर चढल्यावर ते कोणाच्या हातचे हा विचार सुरू होई. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात, आपत्काळी व्यापार करून पोट भरणाऱ्या ब्राह्मणाने कोणत्या वस्तू विकू नयेत याची यादी आहे. त्या यादीत शिजविलेले अन्न आहे. म्हणजे घेणाऱ्याला जशी बंदी, तशी विकणाऱ्यालाही. म्हणून ‘घरचे’ या शब्दातला सुवास केवळ तुपाचा नाही. त्यात आपले घर कोणते, आणि त्या घराच्या ओसरीपलीकडे कोण येऊ शकत नाही, याचाही हिशेब मुरलेला आहे. सणाच्या ताटाची थोरवी गाताना हा हिशेब विसरून चालत नाही.

तो हिशेब मोडण्यास प्रारंभ झाला आगगाडीने. नागपट्टणम्‌हून तंजावरास लोहमार्ग १८६१ साली आला. गाडीत सोवळे पाळणे अवघड, आणि स्थानकावर उतरून चूल मांडणे त्याहून अवघड. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रास इलाख्यात ‘कॉफी क्लब’ आणि ‘ब्राह्मण हॉटेल’ या पाट्या झळकू लागल्या. मनूने ज्याला अन्न विकण्यास मना केली तोच आता गल्ल्यावर बसला, आणि त्याचे ब्राह्मणत्व हीच त्याच्या मालाची जाहिरात झाली! बाहेरचे खाल्ले, पण हात आपल्यातलाच होता, एवढे समाधान गिऱ्हाइकास पुरे होते. आत मात्र ब्राह्मणांसाठी निराळी जागा आणि इतरांसाठी निराळी. या भेदाविरुद्ध पेरियार रामस्वामी यांच्या स्वाभिमान चळवळीने झोड उठविली, आणि रेल्वेच्या उपाहारगृहांतली जातवार पंगत १९४१ साली बंद झाली. विकतच्या अन्नाच्या बाजूने पुष्कळ बोलता येते. परंतु तंजावर जिल्ह्यात ज्यांच्या आजोबांना त्या आतल्या दालनाचा उंबरठा बंद होता, त्यांना ते बोलून दाखविण्याचीही गरज वाटत नाही.

हॉटेलात आधी इडली, दोसा, कॉफी आली. सणाची पोळी मागाहून, फार मागाहून आली. याचे एक कारण भावनेचे आहे आणि एक साध्या व्यवहाराचे. पुरण ओलसर असते. कावेरीच्या मुखाजवळच्या दमट हवेत ते दुसऱ्या दिवशी आंबते. साखरेच्या पाकात बुडविलेले आणि तुपात तळलेले चार दिवस टिकते. म्हणून मिठाईवाला प्रथम पाकातले व तळलेले घेऊन आला. तंजावरात ‘बाँबे स्वीट्स’ हे दुकान १९४९ सालापासून प्रसिद्ध आहे. तेथली ‘चंद्रकला’ म्हणजे खव्याचे सारण भरून, काठाला मुरड घालून, तळून पाकातून काढलेली अर्धचंद्राकृती मिठाई. आपण तिला पाकातली करंजी म्हणू. मराठ्यांच्या जुन्या राजधानीत मुंबईच्या नावाची पाटी, पाटीखाली उत्तरेकडच्या वळणाची मिठाई, आणि ती खाताना मराठी माणसाला करंजीची आठवण: अशी ही त्रिस्थळी यात्रा आहे. करंजी दिवाळीत चार बायकांनी मिळून करावयाची. चंद्रकला रोज मिळते.

तंजावरपासून सुमारे बारा-तेरा किलोमीटरांवर तिरुवय्यारू आहे. त्यागराजांचे गाव. पौष वद्य पंचमीच्या आराधनेला तेथे गवयांची आणि श्रोत्यांची दाटी होते, आणि समाधीवरून परतताना लोक तेथला ‘अशोका’ खाल्ल्यावाचून येत नाहीत. अशोका हा मुगाच्या डाळीचा, तूपसाखरेत आटवलेला, केशरी रंगाचा मऊ शिरा. मूग शिजवून घोटणे आणि गोडात आटविणे ही क्रिया पुरणाचीच आहे; पोळी तेवढी लाटावयाची राहिली. हा पदार्थ लग्नाच्या पंक्तीत आणि दुकानात वाढला, आणि आता त्याची कृती घरी करून पाहणाऱ्याही ‘तिरुवय्यारूच्या दुकानासारखा झाला का’ असे विचारतात. कसोटी उलटी झाली. पूर्वी दुकानदार ‘घरच्यासारखे’ म्हणून माल विकी. आता गृहिणी दुकानासारखे साधले म्हणून धन्य होते.

तसे पाहिले तर घरच्या पोळीत घरचे किती असते? तंजावरचा प्रदेश भाताचा. भाताचे पीक निघाल्यावर त्याच ओलीवर उडीद आणि मूग पेरतात. हरभरा तेथला नव्हे, गहू तर नव्हेच. म्हणजे दीपाबाईच्या काळीही पुरणाची डाळ आणि वरची कणीक बाहेरूनच येत असली पाहिजे. आज वरचे आवरण मैद्याचे असते, आणि मैदा हा गिरणीचा माल. गूळ बाजारचा, तूप बहुधा बाजारचे, वेलची केरळाच्या डोंगरातली. घरचे ते फक्त श्रम. या एका गोष्टीकडे आपल्या साहित्याने पुरेसे पाहिलेले नाही.

श्रम कोणाचे, हेही सांगितले पाहिजे. तंजावर काय आणि पुणे काय, पुष्कळ ब्राह्मण घरांत सणाचा सोवळ्यातला स्वयंपाक घरातल्या विधवा आत्येच्या किंवा काकूच्या हातचा असे. पहाटे ओलेत्याने चूल पेटविणे, पाट्यावर पुरण वाटणे, पन्नास पानांची पोळी उभ्याने वा बसून लाटणे तिच्याकडे. त्याच सणाच्या हळदीकुंकवाचे बोलावणे मात्र तिला नसे. ‘आमच्या घरी विकतचे कधी आले नाही’ हे अभिमानाने सांगणाऱ्या कित्येक घरांच्या अभिमानाखाली अशी एक बिनपगारी बाई उभी आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. तंजावर जिल्ह्यातल्या घराण्यातून आलेल्या आणि स्वतः बालविधवा असलेल्या सुब्बलक्ष्मी यांनी १९१२ साली मद्रासेत तरुण विधवांच्या शिक्षणाचे कार्य आरंभिले. या मुली शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या. पाट्यावरचे हात कमी झाले. घरच्या पक्वान्नाचा ऱ्हास झाला असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या ऱ्हासाच्या कारणांत हेही एक कारण धरावे. आणि मग ऱ्हास हाच शब्द वापरावयाचा की दुसरा, ते आपले आपण ठरवावे.

हातचे गेले तेव्हा पुस्तक आले. मराठीत लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ हे पुस्तक १९१० सालचे, आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० ची. तमिळमध्ये मीनाक्षी अम्माळ यांचे ‘समैत्तुप्पार’, म्हणजे ‘करून पाहा’, १९५१ साली निघाले. नात्यातल्या मुली सासरी जात, त्यांच्या यजमानांच्या बदल्या दूरदूर होत, आणि पत्रांतून ‘अमुक कसे करावयाचे’ अशी विचारणा येई. त्या पत्रोत्तरांतून हे पुस्तक वाढले. बदलीची नोकरी करणाऱ्या आपल्या वर्गाने वाङ्मयाला आणखी काही दिले वा न दिले, पाकशास्त्राला निश्चित दिलेले आहे. आई शेजारी असती तर वाटी-चमच्याचे माप कोणी लिहून ठेवले असते?

आतापर्यंत पोळीविषयी लिहिले. परंतु विषयाचा अर्धा भाग भोपळ्याचा आहे. मराठी घरांतला भोपळ्याचा मानाचा पदार्थ म्हणजे घारगे. लाल भोपळा किसून, गुळाबरोबर शिजवून, त्यात मावेल तेवढी कणीक व थोडे तांदळाचे पीठ घालून, केळीच्या किंवा वडाच्या पानावर थापून तळलेले. पुरणपोळीपेक्षा कमी मानाचे, पण प्रवासाला अधिक सोयीचे. चार दिवस सुखाने टिकतात. बदलीच्या गावी निघताना डब्यात काय होते असे जुन्या मंडळींस विचारले, तर दशम्यांच्या खालोखाल घारग्यांचे नाव निघते.

हा लाल भोपळा मुळात आपला नव्हे. तो अमेरिकेतला, कोलंबसानंतर युरोपीय दर्यावर्दींच्या हातून इकडे आला. आपला जुना तो पांढरा कोहळा, संस्कृतातला कूष्मांड. तमिळमध्ये लाल भोपळ्याला ‘परंगिक्काय’ म्हणतात, आणि ‘परंगी’ म्हणजे आपला फिरंगी. नागपट्टणम्‌ला १६५८ पर्यंत पोर्तुगीज होते, मग डच आले. या फिरंग्यांच्या नावाने ओळखली जाणारी भाजी आज पोंगलच्या दिवशी सूर्याला नैवेद्य दाखविलेल्या भातापाठोपाठ पानावर असते, आणि मार्गळी महिन्यात दारच्या रांगोळीवर शेणाचा गोळा ठेवून त्यात तिचेच पिवळे फूल खोचतात. म्हातऱ्या बायकांस हे फूल फिरंग्यांचे असे सांगितले, तर त्या हसतील. कोहळ्याचे मात्र जुने दरारे कायम आहेत. अख्खा कोहळा बाईने प्रथम चिरू नये, पहिला घाव पुरुषाने घालावा, ही रीत महाराष्ट्रात आहे आणि तमिळ देशातही. कारण कोहळा हा पशुबळीच्या जागी आलेला. आयुधपूजेला तमिळनाडूत रस्तोरस्ती कुंकू भरलेले कोहळे फुटतात ते याच नात्याने. आणि त्याच कोहळ्याचा तुपात आटवलेला ‘काशी हलवा’ लग्नाच्या पानात वाढतात. हा हलवाही आता बहुधा लग्नाचे आचारीच करतात, किंवा दुकानातून येतो. घरी केला तर निदान पहिल्या घावापुरता तरी यजमानांस स्वयंपाकघरात यावे लागेल; तेवढ्यासाठीच तो विकत येतो असे म्हणणारे लोक आहेत.

जेथून भोपळा आला त्या अमेरिकेतही हाच वाद आहे, हे आपल्यापैकी ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांस ठाऊक असेल. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी तेथे ‘थँक्सगिव्हिंग’चा सण, १८६३ साली लिंकन यांनी तो राष्ट्रीय म्हणून जाहीर केला, १९४१ च्या कायद्याने त्याचा गुरुवार पक्का झाला. त्या जेवणात भोपळ्याचा ‘पाय’ हवाच: खाली पिठाची कुरकुरीत वाटी, वर भोपळ्याचा गर, अंडी, दूध, साखर, दालचिनी व जायफळ घालून भाजलेला. आजीने भाजलेला पाय थोर की दुकानातला, यावर घराघरांत मतभेद होतात. पण तेथे एक तिसरी वाट केव्हाच रूढ झाली. ‘लिबीज’ कंपनीने १९२९ पासून डब्यातला भोपळ्याचा गर विकावयास काढला. आता जिला ‘घरचा पाय’ म्हणतात त्यातला भोपळा बहुधा डब्यातलाच असतो, आणि त्याबद्दल कोणी कोणाला टोचत नाही. तो डब्यातला भोपळा आणि आपला लाल भोपळा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीचे. अमेरिकेतल्या मराठी घरांत त्याच डब्यातल्या गराचे घारगे होतात. किसणीवर बोटे सोलून घेण्याचा एक टप्पा गळाला. गूळ, कणीक आणि कढईतला वास राहिला. सोवळ्याच्या दृष्टीने पाहिले तर हा अपराध आहे. छत्रातल्या शिध्याच्या दृष्टीने पाहिले, तर डबा हाही एक शिधाच.

परदेशी किंवा परप्रांती नोकरीस गेलेल्याने सणाचे काय करावे, याचा विचार करताना तंजावरच्या देशस्थ घराण्यांकडे पाहिले पाहिजे. सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम्‌चा. ते त्रावणकोरचे दिवाण झाले, पुढे इंदूरचे, आणि १८७५ पासून बडोद्याचे. त्यांचे वडील रंगराव हेही त्रावणकोरचे दिवाण होते. पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात चाकरी करणारे हे लोक; आपला वर्ग जन्माला येण्याच्या आधीचे आपले पूर्वज म्हणा ना! तिरुवनंतपुरम्‌च्या ओणमच्या पानात आजही पायसाबरोबर ‘बोळी’ वाढतात, केरळाच्या उत्तरेकडच्या पानात ती दिसत नाही. ही बोळी एखाद्या दिवाणाच्या मुदपाकखान्यातून तेथल्या पानावर गेली असे लिहावे, असा मोह होतो; पण तमिळ ब्राह्मणांची वस्ती त्या भागात जुनी आहे, आणि पुराव्यावाचून श्रेय वाटणे हा इतिहासातला विकतचा माल होय. इतके मात्र खरे, की मल्याळी माणूस ती बोळी पायसात कुस्करून खातो, मिठाईच्या दुकानातून आणतो, आणि तिच्यावाचून आपला सण अपुरा मानतो.

सरफोजींच्या वंशाचे मोडी दफ्तर आता अभ्यासकच वाचतात. त्यांतला बराच भाग सरस्वती महालात आणि १९८१ साली स्थापन झालेल्या तंजावरच्या तमिळ विद्यापीठाच्या अभ्यासकांकडून उजेडात आला. तंजावरी मराठी घरांतली लिपी गेली, पुष्कळ ठिकाणी शाळेची भाषा म्हणूनही मराठी राहिली नाही. पोळी राहिली, पण ती साऱ्यांची झाल्यामुळे राहिली, दुकानात चढल्यामुळे राहिली. तिच्यावर आता मराठी म्हणून हक्क सांगण्यात अर्थ नाही. ज्यांना दुकानाने हात लावला नाही असे पदार्थ कोणते, असे विचाराल तर पिट्लै, रसवांगी आणि ते डांगर. मिठाईच्या दुकानात डांगर मिळत नाही. टिकत नाही, दिसायला साधे, आणि उडदाचे पीठ भाजून ताकात कालवावयास असा किती वेळ लागतो? म्हणून ते घरातच राहिले, तमिळ घरांतही, आपले मराठी नाव घेऊन. त्यामुळे जळगावाकडचा एखादा अधिकारी तंजावरास बदलून आला, आणि शेजारच्या मामींनी ‘आज डांगर केले आहे’ म्हणून वाटी पाठविली, तर तो भोपळ्याच्या आशेने झाकण उघडील. कारण खानदेशात डांगर म्हणजे लाल भोपळा. वाटीत असते उडदाचे पीठ, ताक, आणि वर मोहरीची फोडणी.